थांबा, ती वाचतेय

"तुमच्याच माणसानं लिहिलंय ना हे? मग वाच की."

गुरुजी खुर्चीत बसून बोलले. एक पाय दुसऱ्या पायावर, चप्पल अंगठ्यात अडकवून हलवत. मी उभी. हातात पुस्तक, पहिलं पान उघडलेलं. संविधानाची उद्देशिका. सहावीचा वर्ग, मावळातली एक शाळा, आणि वर्गात आमच्या वस्तीतली मी एकटीच मुलगी.

मी सुरुवात केली. 'आम्ही' वाचलं. 'भारताचे लोक' वाचलं. पुढं 'सार्वभौम' आला. मी 'सार्व' म्हणाले आणि अडकले. रफार वर चढून बसलेला, पुढं भच्या डोक्यावर दोन मात्रा. मला भ येत होता. म येत होता. त्यांचं एकत्र काय करायचं ते कुणी सांगितलं नव्हतं.

"सार्व... सार्व..."

वर्ग हसला. गुरुजींनी हसू दिलं. छडी टेबलावर होती. एरवी वर्गात कुजबूज झाली तरी वाजवायचे. त्या दिवशी नाही वाजवली.

"घरात फोटो लावता. हार घालता. जयंतीला गावभर मिरवता. आन वाचायची वेळ आली की सार्व सार्व."

मग पुढच्या बाकावरच्या मुलाला उठवलं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला त्याच्या घरची शेती. त्यानं घडाघडा वाचलं. गुरुजी माझ्याकडं बघत म्हणाले, "बघ. ह्येच्या घरात फोटो न्हाई. तरी येतंय."

मी बसायला लागले.

"कुणी सांगितलं बस म्हणून?"

शाळा सुटेपर्यंत उभी राहिले. ते पान उघडं धरून.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव सार्व पडलं. नळावर सार्व. बांधावर सार्व. मळवली स्टेशनकडं जाताना मागून आवाज, "सार्व चालली रं." ज्या बारक्या पोरांना शाळाही माहीत नव्हती तीपण सार्व म्हणायची. माझं खरं नाव कुणी घेईना. ते मी इथंही लिहीत नाही. तेव्हा ज्यांना नको होतं त्यांना आता कशाला देऊ?

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गप ऱ्हा. परवा त्येंच्याच खाचरात भाताच्या आवणीला जायाचंय."

"पण आई, समद्यांच्या म्होरं—"

"गप म्हनलं ना."

ती माझ्यावर रागावली नव्हती. तिला मजुरी हवी होती आणि खाचर गुरुजींच्या भावाचं होतं. एवढंच. एवढ्यात सगळं येतं.

आता मी शिक्षिका आहे, म्हणून आता मला सांगता येतं की त्या वर्गात काय झालं होतं. तेव्हा वाटायचं मी मठ्ठ आहे. मी मठ्ठ नव्हते. पहिलीत मला बाराखडी शिकवली, दुसरीत जोडाक्षरं दाखवली, तिसरीत छोटे धडे वाचून घेतले. मग शिकवणं बंद झालं. चौथीनंतर वाचायला कुणी शिकवत नाही. चौथीनंतर फक्त विचारतात. आणि पुस्तकं तिथूनच अवघड होतात. नागरिकशास्त्र येतं, विज्ञान येतं, चार-चार शब्द एकमेकांना चिकटून एक शब्द होतो. ज्याच्या घरात पेपर येतो, ज्याचा बाप शेजारी बसून "नीट बघ, फोडून वाच" म्हणतो, तो निभावून जातो. बाकीचे पहिलं अक्षर बघतात आणि अंदाज ठोकतात. नाही जमलं तर गप बसतात. गप बसणाऱ्याला शाळा मठ्ठ म्हणते. शाळेचं काम सोपं होतं.

मला कुणी शिकवलं नाही. मी आमच्या भाजे गावच्या लेण्यांच्या पायऱ्यांशी शिकले. शनिवार-रविवारी लेणी बघायला पुण्या-मुंबईची माणसं यायची. आई कणसं भाजायची, मी लिंबू-मीठ लावून द्यायची. समोर सरकारी निळा फलक होता. त्यावर 'संरक्षित' असं लिहिलेलं. गिऱ्हाईक नसलं की मी त्या फलकाशी भांडत बसायचे. एकदा सूर्य तोंडावर येत होता म्हणून हात आडवा धरला आणि त्या हाताआड शब्दाची दोन्ही टोकं गेली. मधलं तेवढं दिसलं. वेलांटी सोडली तर रक्ष. राखीपौर्णिमेचं रक्षाबंधन, त्यातलं रक्ष. हे मला येत होतं की! मग हात सरकवला. सं. रक्ष. संरक्ष. मग वेलांटी आणि शेवटचा त आला. मी मोठ्यानं म्हटलं. आई म्हणाली, "कोनाशी बोलतीस?"

त्या दिवशी कळलं की लांब शब्द एक नसतो. तो जोडलेला असतो. कुणीतरी जोडलेलं असतं म्हणजे कुणालाही सोडवता येतं. मला फार आनंद वगैरे झाला नाही. राग आला. एवढंच होतं? एवढ्यासाठी मला दिवसभर उभं केलं? एवढं सांगायला गुरुजींच्या तोंडाला काय झालं होतं?

तो राग अजून गेलेला नाही. मी तो घालवतही नाही.

डी.एड. केलं. लोणावळ्यातल्या एका अनुदानित शाळेत लागले. सहावी-सातवीला मराठी. रोज भाज्याहून ये-जा. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममधे एक बाई चहा ढवळत म्हणाल्या, "तुम्ही बोलता छान हो. कळतच नाही." काय कळत नाही ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला कळलं.

सातवीच्या वर्गात पहिल्या दिवशी धडा वाचायला लावला. 'पर्यावरण' आला की अर्धा वर्ग 'पर्यटन' म्हणायचा. लोणावळ्याची पोरं. पर्य दिसलं की पर्यटनच, दुसरं काय असणार? 'पुनर्वसन'ला नुसतं 'पुण्यात' म्हणून पुढं जायची. ही पोरं कुरवंड्याची, भाज्याची, डोंगराकडच्या वस्त्यांवरची. कुणाची आई बंगल्यांवर भांडी घासते, कुणाचा बाप चिक्कीच्या कारखान्यात, कुणाचा टॅक्सीवर. आडनावं सगळ्या जातींची. जात वेगवेगळी होती पण वाचताना खाली घातलेली मान एकच होती.

मी धडा बंद केला. फळ्यावर एक लांब शब्द लिहिला आणि सांगितलं, "घाबरायचं नाही. हे जनावर आहे. त्याला डोकं आहे, शेपूट आहे, मधे धड आहे. आधी शेपूट पकडा."

शेपूट म्हणजे च्या, साठी, मध्ये, पासून. ते बोटानं झाकायचं. मग डोकं. अ, अन, अति, निर, पुनर. तेही झाकायचं. उरलं ते धड, आणि ते बहुतेक वेळा ओळखीचं निघतं. जोडाक्षर आलं तर त्यातलं अर्धं मागच्या अक्षराबरोबर म्हणायचं. रफार दिसतो पुढच्या अक्षरावर पण तोंडात आधी येतो. आणि वाचून झालं की लगेच स्वतःच्या घरातलं उदाहरण द्यायचं. अर्थ न कळता वाचलेला शब्द मी धरत नाही. हा माझा नियम.

'अतिवृष्टीग्रस्तांसाठी'. पोरांनी तो फळ्यावर फोडला. अति. वृष्टी. ग्रस्त. आंसाठी. मागच्या बाकावरून टाळी पडली. सातवीत असल्याची लाज सोडून पोरं बोटं ठेवून वाचायला लागली.

स्टाफरूममधे हसं झालं. "सातवीत बालवाडी उघडलीय बाईंनी." मुख्याध्यापिकांनी बोलावलं. "अभ्यासक्रम मागं पडतोय. ही मुलं काय, दहावीपर्यंतसुद्धा टिकत नाहीत. चिक्की बांधायला कशाला हवेत एवढे मोठे शब्द?"

मी म्हटलं, "बाई, चिक्की कोण बांधणार ते तुम्ही सातवीतच ठरवलं?"

त्या म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यात नेहमी काहीतरी धार असते." मी वर्गावर गेले.

त्या वर्गात समीक्षा होती. कुरवंड्याची. उंच, बारीक, वेण्या घट्ट. तिच्या घरची जमीन आजोबांच्या वेळी बंगल्यांसाठी विकली गेली. आता तिचे वडील गावातल्याच एका बंगल्यावर राखणीला आणि आई तिथंच भांडी-फरशी करते. बंगला आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा. पहिले काही महिने समीक्षानं तोंड उघडलं नव्हतं. मग एका दुपारी जाग्यावरून उठून म्हणाली, "बाई, बंगल्याच्या गेटवर प्रवेशबंदीची पाटी आहे, त्यातला शब्द मी वाचला. अनधिकृत. अन आणि अधिकृत. पप्पा रोज त्याच्याखाली बसतात."

"उदाहरण दे."

ती म्हणाली, "मी मोठ्या दारानं गेले तर मी अनधिकृत."

वर्गात कुणी हसलं नाही.

थंडीत शाळेत वाचनाचा सोहळा ठरला. अध्यक्ष येणार, वर्गावर्गांत फिरणार, मुलं वाचून दाखवणार. आदल्या दिवशी मुख्याध्यापिकांनी सांगितलं, सातवीतली कच्ची मुलं वर्गात नकोत. त्यांना खुर्च्या उचलायला आणि पाणी द्यायला ठेवा. मी विचारलं, "मग ते कुणाचं वाचन बघायला येतायत?" त्या म्हणाल्या, "समजून घ्या ना जरा."

मी समजून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग बाकांवर बसवला. समीक्षा दुसऱ्या रांगेत.

अध्यक्ष आले. पांढरे कपडे, मनगटात जाड कडं, मागं मुख्याध्यापिका, फोटो काढणारा, दोघं-तिघं कार्यकर्ते. वर्गभर नजर फिरवली. समीक्षावर थांबली. त्यांनी तिला ओळखलं. "अरे, ही आपल्या वॉचमनची ना? ये, तू वाच."

पुस्तक उचललं, मधलंच पान काढलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. 'परस्परावलंबन'.

समीक्षानं पुस्तक बाकावर ठेवलं. शब्दाचं शेपूट झाकलं. ओठ हलायला लागले. "पर... परस्..."

अध्यक्ष हसले. मागचे हसले. फोटोवाल्यानं मोबाईल खाली घेतला.

"सातवीत बोट ठेवून वाचते? काढ ते बोट." आणि त्यांनी तिचा हात शब्दावरून उचलून बाजूला केला. मग माझ्याकडं वळले. "बाई, हे तुम्ही शिकवता? तुम्हीच वाचून दाखवा बघू. तुम्हाला तरी येतं का? का तुम्हीपण सवलतीतूनच आलात?"

माझ्यासमोर माझा वर्ग बसला होता. सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. मला तो शब्द येत होता. असले शंभर येत होते. एका दमात म्हणून टाकला असता, ते "वा" म्हणाले असते आणि पुढच्या वर्गात गेले असते. मी वाचले असते. पोरगी मेली असती.

"न्हाई," मी म्हटलं.

तो 'न्हाई' माझ्या आईचा होता. कित्येक वर्षं मी तो शाळेच्या बाहेर ठेवून यायची.

"काय नाही?"

"मी वाचणार न्हाई. ती वाचतेय. तुम्ही थांबा."

"मला पुढं कार्यक्रम आहे."

"मग जा. पण थांबलात तर मधे बोलू नका. समीक्षा, बोट ठेव."

मुख्याध्यापिका माझ्या कोपराला हात लावून कुजबुजल्या, "भाषा बघा, बाई, भाषा." मी हात सोडवून घेतला.

समीक्षानं बोट शब्दावर परत ठेवलं. "परस्... परस्पर." बोट सरकलं. "अव... अवलं... अवलंबन." मग सगळं एकत्र. "परस्परावलंबन." आणि माझ्याकडं न बघता, सवयीनं, नियमाप्रमाणं पुढं म्हणाली, "म्हंजे एकमेकांवाचून चालत न्हाई. उदाहरणार्थ, पप्पा आले न्हाईत तर सरांच्या बंगल्यावर पाण्याची मोटर कुणी चालू करत न्हाई, आन सरांनी पगार दिला न्हाई तर आमच्या घरी किराणा येत न्हाई."

पोरं हसली. ते हसणं वेगळं होतं. ते मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळालं.

अध्यक्षांचा चेहरा काळवंडला. त्यांनी पुस्तक बाकावर टाकलं. जाताना दारात म्हणाले, मला ऐकू येईल असं, सगळ्यांना ऐकू येईल असं, "ह्या लोकांना खुर्ची दिली की दुसऱ्यांच्या पोरांनापण बिघडवतात."

ह्या लोकांना. गुरुजींचं 'तुमच्याच माणसानं' आणि ह्यांचं 'ह्या लोकांना'. मधे सगळी वर्षं गेली. रस्ते झाले, बंगले झाले, तेवढं वाक्य तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताना समीक्षाचे वडील फाटकाशी उभे होते. खाकी शर्ट, डोक्याला मफलर. माझ्याकडं सरळ चालत आले.

"बाई, काय शिकवताय तुमी पोरीला?"

"वाचायला."

"साहेबांनी राती... बोलवून घेतलं मला. म्हणले, पोरीला आवर, न्हाई तर दुसरीकडं काम बघ. तुमचं पोट पगारावर हाय. आमचं त्येंच्या मर्जीवर. तुमी बोलून मोकळ्या झाल्या."

त्यांचं खरं होतं.

दुपारी ऑफिसात बोलावणं आलं. मुख्याध्यापिकांनी टाईप केलेला कागद पुढं सरकवला. "उद्या परिपाठाला माईकवर हे वाचायचं. अध्यक्ष स्वतः असतील. विषय संपला."

मी कागद पाहिला. विद्यार्थिनीचं उद्धट वर्तन. मी दिलेलं अयोग्य प्रोत्साहन. संस्थेची प्रतिष्ठा. बिनशर्त दिलगिरी.

"आणि नाही वाचलं तर?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "तुमचं तर चौकशीवर जाईलच. पण त्या मुलीच्या वडिलांचं बघा. ते तुमच्या हातात आहे. मला वाईट वाटतंय हो, खरंच."

असं करतात. मारायचं असतं मला, आणि दगड ठेवतात दुसऱ्याच्या डोक्यावर. मग म्हणतात, हात तुमचाच आहे.

शाळा सुटल्यावर मी कुरवंड्याला गेले. दुसऱ्याच्या पोटावर मी एकटीनं निर्णय घेणार नव्हते. समीक्षाचे वडील दारात बसले होते. आई आत भाकरी थापत होती. समीक्षानं पाणी दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी सगळं सांगितलं. कागदावर काय आहे, नाही वाचलं तर काय होईल. शेवटी म्हटलं, "भाऊ, तुम्ही सांगाल तसं करते. तुम्ही वाच म्हणालात तर वाचते. त्यात तुमची लाज नाही."

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला.

"काय लिवलंय कागदात पोरीबद्दल?"

"उद्धट वर्तन."

"म्हंजे?"

मी काही बोलायच्या आत समीक्षा म्हणाली, "म्हंजे मी उलट बोलले."

"बोललीस का?"

"न्हाई. उदाहरण दिलं."

आतून तिची आई बाहेर आली. हाताला पीठ. "आवो, खोटं काय बोलली ती? मोटर कोन चालू करतंय मग? त्यांचा लेक?"

वडिलांनी मफलर काढला, मांडीवर ठेवला. "बाई, हितं आमचं खाचर हुतं. त्येंच्या बंगल्याखाली बी आमचंच वावर हाय. मी माझ्याच वावराची राखण करतो आन येनाऱ्या-जानाऱ्याला सलाम घालतो. ते मी केलं. पोटासाठी केलं. पन समद्या शाळंम्होरं माझी पोरगी चुकली असं तुमी माईकवर म्हनू नका. काम गेलं तर जाऊ द्या. सकाळी मनात शिव्या देत हुतो तुमाला, आता न्हाई देत."

"भाऊ, काम खरंच जाईल."

"म्हाईत हाय. मला काय कळत न्हाई का?"

परिपाठाला सगळी शाळा मैदानात उभी होती. अध्यक्ष व्यासपीठावर खुर्चीत. प्रतिज्ञा झाली, सुविचार झाला. मुख्याध्यापिकांनी माझं नाव घेतलं आणि माईक माझ्यापुढं केला. कागद माझ्या हातात होता. समोर सातवीची रांग. समीक्षा उंच म्हणून सगळ्यात मागं.

मी कागद उघडला. पोरांना वाटलं मी वाचणार. स्टाफला वाटलं वाचणार. अध्यक्ष मागं टेकले.

"हे मला वाचायला दिलंय," मी म्हटलं. "माफी आहे. अवघड शब्द आहेत. मला ते सगळे वाचता येतात. वाचता येतात म्हणूनच मी हे वाचणार नाही. समीक्षानं शब्द बरोबर वाचला, अर्थ बरोबर सांगितला, उदाहरण बरोबर दिलं. तिची चूक नाही. माझी नाही. एवढंच."

माईक बंद केला गेला. माझं बोलून झालं होतं. खाली उतरले आणि सातवीच्या रांगेशेजारी जाऊन उभी राहिले, शिक्षकांच्या रांगेत गेले नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. असल्या गोष्टी तशा होत नसतात. घंटा झाली, पोरं वर्गात गेली.

पुढचं सरळ सांगते. समीक्षाच्या वडिलांचं काम त्याच आठवड्यात गेलं. तिच्या आईचंही. आता वडील शनिवार-रविवारी पर्यटकांच्या पॉइंटवर गाड्या लावून घेतात, बाकीचे दिवस मिळेल ते. आई दुसऱ्या बंगल्यावर जाते, तिथून पगार कमी आहे आणि रस्ता लांब. मला बघितलं की ती हसते पण थांबून बोलत नाही. मी तिला दोष देत नाही.

माझ्याकडचं मराठी काढून घेतलं. आता मला चित्रकला आणि पोषण आहाराची देखरेख. तांदूळ मोजून द्यायचा आणि फळा पुसून ठेवायचा. चौकशी लावलीय. एकदा बोलावलं, तिघं बसले होते, एकानं विचारलं, "तुमचा अध्यक्षांवर जातीय राग आहे का?" मी म्हटलं, "माझा राग आहे. जातीय काय आहे ते त्यांना विचारा." ते लिहून घेतलं नाही. मी लिहून घ्यायला लावलं. ते लिहीपर्यंत उठले नाही.

सातवीला आता नवीन सर मराठी शिकवतात. अभ्यासक्रम वेळेत चाललाय म्हणतात. पोरं पुन्हा पर्यावरणला पर्यटन म्हणतात. मी पोषण आहाराच्या खोलीतून ऐकते.

म्हणून रविवारी सकाळी आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओसरीवर मी वर्ग घेते. फळा माझा, खडू माझे. येतात पोरं. आमची येतात, गावातली येतात, कुरवंड्याहून समीक्षा येते आणि येताना दोघा-तिघांना घेऊन येते. गावातल्या एका म्हाताऱ्यानं नातवाला परत ओढून नेलं. म्हणाला, "तितं कशाला? आपलं देऊळ न्हाई का?" नातू पुढच्या रविवारी एकटा आला. संस्थेतून निरोप आला की नोकरीत असताना असे बाहेरचे वर्ग घेता येत नाहीत. फुकट घेते, म्हटलं. तरी चालत नाही म्हणाले. मग तसं लेखी द्या म्हटलं. अजून दिलेलं नाही.

लोक सांगतात, बाई, नमतं घ्या, अजून बरीच नोकरी बाकी आहे. स्टाफमधली ती चहा ढवळणारी बाई म्हणाली, "तुम्ही फार ताणता. सगळ्यांशी असं वागून कसं चालेल?" चालेल. मला सगळ्यांशी चालायचं नाहीच.

मला माफी मागून मिळणारं मराठी नको. माझा तास मला परत हवाय आणि तो मी भांडून घेणार आहे. चौकशीला बोलावतील तेवढ्या वेळा जाईन, आणि माझ्या बोलीत बोलीन. नोकरी काढून घेतली तर कोर्टात उभी राहीन. तोवर रविवार आहे, ओसरी आहे. मोठ्या पोरांना बोट ठेवून वाचायला मी शिकवणार. त्यांना लाज वाटू देणार नाही. जो हसेल त्याला वर्गाबाहेर काढणार, मग तो विद्यार्थी असो नाहीतर पाहुणा.

आणि पोर शब्दाच्या मधे असेल, अर्धा तोंडात आणि अर्धा कागदावर, तेव्हा दारात कुणीही येऊ दे. अध्यक्ष येऊ दे, साहेब येऊ दे. त्यानं चपला काढायच्या आणि उभं राहायचं. तो शब्द पुरा होईपर्यंत त्याला आत जागा नाही.